नेव्हिल कुठं आहे

मी सिसिलिया, मूळची वसईची. इथं अमेरिकेत, शॉमबर्गात राहून म्हातारी झाले, पण कोणी विचारलं कुठल्या तुम्ही, तर तोंडातून वसईच येतं, शॉमबर्ग मागाहून. आमचं गाव समुद्राच्या अंगाला, केळीच्या बागा, पानवेली, आमच्या बाची मोगऱ्याची छोटी वाडी, आणि गाव सगळं कॅथलिक, म्हणजे घरात मराठी बोलणारे कॅथलिक. तुमच्या मराठी मंडळात मी पहिल्यांदा आले तेव्हा विचारलंच ना लोकांनी, सिसिलिया नाव आणि मराठी एवढं चांगलं कसं, तर ते असं. पोर्तुगीज आले तेव्हा आमचे कोण धाकानं झाले, कोण खुशीनं झाले, कोण जमिनीसाठी झाले, ते सांगायला आता कोणी उरलं नाही. पण तेव्हाही कोणाच्या तरी आयनं दोन दिवस चूल पेटवली नसेल, कोणी भावाचं तोंड पाहिलं नसेल. लहानपणी हे असलं काही डोक्यात येत नव्हतं, माझ्यावर आलं तेव्हा डोक्यात आलं.

आमच्या घरात दिवे लागले की रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, तुमच्या जपासारखी, आणि ती संपली की मेलेल्यांची पाळी. आय एकेकाचं नाव घ्यायची, आजा, आजी, बाळंतपणात गेलेली तिची बहीण, विहिरीत पडलेला चुलता. मला जिवंत चुलत भावंडांपेक्षा मेलेल्यांची नावं जास्त पाठ होती. कारण आमच्यात असं शिकवतात की माणूस मेला की सरळ स्वर्गात जात नाही, बारीकसारीक पापं धुऊन निघायला त्याला शुद्धिस्थानात थांबावं लागतं, आणि मागं राहिलेल्यांनी प्रार्थना केली, त्याच्या नावानं मिस्सा दिली, तर सुटका लवकर होते. मिस्सा म्हणजे देवळातली उपासना हो, फादर करतात ती. आमच्या देवळात एक जुनं चित्र होतं, माणसं कमरेपर्यंत ज्वाळांत आणि हात वर केलेले. बसायची आमची जागा बरोबर त्याच्या खाली. मी त्या चित्राखाली बसून मोठी झाले, तेव्हा काही वाटायचं नाही, भिंतीवर पाल असते तसं ते होतं.

नर्सिंग केलं, लग्न झालं, इनास विमानांच्या इंजिनांचं काम करायचा, हाताला कायम ऑइलचा वास, स्वभावानं गरीब. इकडे नर्सेसना मागणी होती म्हणून आधी मी आले, मागून तो आला. मुलगी लोरेन, ती आता तिकडे बेलव्ह्यूला कॉम्प्युटरमध्ये असते, आणि तिच्या पाठचा नेव्हिल. नेव्हिल म्हणजे काय सांगू तुम्हाला, उंच, फ्रिज उघडा ठेवून उभ्या उभ्या जेवणारा, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्लिशमध्ये. कॉलेजला गेला आणि मिस्सा सोडली. रविवारची मिस्सा मुद्दाम चुकवणं आमच्यात मोठं पाप. मी फोनवर विचारायची, गेला होतास का रे, तर म्हणायचा, मॉम, आय डोन्ट बिलीव्ह इट एनीमोअर, अ‍ॅण्ड आय वोन्ट लाय टू यू. खोटं बोलायचा नाही, हा त्याचा गुण. हाच गुण मला नंतर खात बसला, कारण खोटं बोलला असता तर निदान मला वाटत राहिलं असतं की जात होता.

फेब्रुवारी होता, रस्त्यावर बर्फाची काच झालेली, सुट्टीला ड्राइव्ह करून घरी येत होता आणि समोरून ट्रक घसरत आला. मी गॅरेजसमोरचा बर्फ काढत होते. पोलीस आला, तरुणच होता, त्यानं आधी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि मग सांगितलं. मी त्याला विचारलं, तू फावडं का घेतलंस? एवढंच विचारलं. माणूस अशा वेळी काय बोलेल काही सांगता येत नाही.

पुरलं त्याला. सगळं रीतसर झालं, फादर चांगले होते, आयरिश, म्हातारे, माझा हात धरून बसले. मग महिन्याची मिस्सा झाली, त्याला न्यू जर्सीहून इनासची मावशी आली, आणि जेवणं झाल्यावर प्लेट हातात धरून ती म्हणाली, पोर गेलं ते कुमसार न करता गेलं ना गं, आता तुम्हालाच फार प्रार्थना करावी लागेल. कुमसार म्हणजे फादरपाशी आपली पापं सांगून माफी घ्यायची. ती वाईट बाई नव्हती, तिला काळजीच होती. पण ते वाक्य माझ्या पोटात सुरीसारखं गेलं ते गेलंच.

कारण मी काम कुठं करत होते माहिती आहे? भाजलेल्यांच्या वॉर्डात. मला आग म्हणजे चित्रातली आग नव्हती. रोज सकाळी जखमांची पट्टी बदलायची, माणूस मोठा असो की पोर, पट्टी काढताना ओरडणं ठरलेलं, औषध देऊनसुद्धा. आधी मी ते करून घरी येऊन दोन घास जेवू शकत होते. नेव्हिल गेल्यावर प्रत्येक पट्टीला मला तोच दिसायचा. मी फादरना जाऊन विचारलं, त्याला तिथं आणखी किती दिवस? त्यांनी खरं ते सांगितलं, म्हणाले, सिसिलिया, ते आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि ती आग तू समजतेस तशी आगही नसेल, देव दयाळू आहे, प्रार्थना करत राहा. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण आपल्याला कळायला मार्ग नाही, हे घेऊन मी घरी कशी जाऊ? डॉक्टरनं पेशंटच्या आईला असं सांगितलं तर ती त्याच्या अंगावर जाईल. मी फादरच्या अंगावर गेले नाही, मिस्सा देत राहिले, उपास केले, गुडघ्यांवर बसून बसून गुडघे काळे पडले. आणि इतकं करून मला कोणी सांगत नव्हतं की आता सुटला.

आमच्या वॉर्डात रत्नमाला म्हणून एक नर्स होती, नगरची. नगरकडे प्रोटेस्टंट पुष्कळ, तिचा आजा पाळक, म्हणजे त्यांच्या चर्चचा पास्टर होता. तिला सगळे ताई म्हणायचे. एकदा पट्टी बदलून मी लिननच्या खोलीत जाऊन रडत होते तर ती आली आणि म्हणाली, काय झालं ते सांग, नाहीतर मी इथून हलत नाही. सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जवळजवळ रागावलीच माझ्यावर. म्हणाली, कुठली आग आणि कुठलं थांबणं? येशूबरोबर वधस्तंभावर तो चोर होता, त्याला येशूनं आज म्हटलं ना, आजच माझ्याबरोबर स्वर्गात येशील, की आधी काही वर्षं भाजून घे म्हणाला? एकानं सगळ्यांचं भोगलं, काम संपलं. तू आणि मी मिस्सा देऊन त्यात काय भर घालणार?

काय सांगू तुम्हाला, कपाटांवर पांढऱ्या चादरींच्या चळती आणि ही बाई कमरेवर हात ठेवून मला देव सांगते आहे, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. त्या दिवशी मी घरी येऊन झोपले. नेव्हिल गेल्यानंतर पहिल्यांदा सलग झोपले.

मग मी तिच्या चर्चमध्ये जायला लागले. शाळेचा हॉल रविवारी भाड्यानं घ्यायचे, तेलुगू, मल्याळी, थोडे आपले नगर-सोलापूरकडचे. मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, मेलेल्यांसाठी प्रार्थना तर नाहीच. पास्टर म्हणाले, पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर मनापासून घ्या. मी घेतला. तान्ही असताना वसईत एकदा डोक्यावर पाणी पडलेलं, आता या वयात पांढरा गाऊन घालून टाकीत अख्खी बुडले. इनास आला नाही. त्यानं फक्त विचारलं, पाणी गरम असतं ना, तुझं सायनस आहे.

असा माणूस. भांडला असता तर बरं झालं असतं. घरात आमचा छोटा अल्तार होता, मरियाबाईची मूर्ती, क्रूस, नेव्हिलचा फोटो. मी काढ म्हटलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं म्हटलं, पण त्यानं आपण होऊन सगळं उचललं आणि खाली बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी नेऊन मांडलं. नेव्हिलचा फोटो तेवढा वर ठेवला. आणि संध्याकाळी जेवणाआधी तो खाली जायचा, रोझरी म्हणायचा आणि शेवटी नेव्हिलचं नाव घ्यायचा. ती प्रार्थना दोघांनी म्हणायची असते. एकानं म्हणायचं, प्रभो, त्याला चिरशांती दे, आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, तुझा अखंड प्रकाश त्याच्यावर पडो. माझं उत्तर बंद झालं तसा तो दोन्ही आपणच म्हणायला लागला. या घरांत गरम हवेच्या जाळ्या असतात ना जमिनीत, त्यातून त्याचा आवाज सरळ वर किचनमध्ये. मी चुलीवरचा फॅन फुल करायची. फॅनच्या आवाजातूनही नेव्हिल हा शब्द ऐकू यायचा.

तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं मुलासाठी प्रार्थना केली तर तुझं काय बिघडलं? लोरेनही तेच म्हणायची, मॉम, ही इज जस्ट सॅड, लेट हिम प्रे. पण समजून घ्या. तो रोज संध्याकाळी म्हणजे मला रोज संध्याकाळी सांगत होता की आपला मुलगा अजून तिथंच आहे, अजून सुटला नाही. मी त्याला तिथून काढला होता हो. माझ्या मनानं काढला होता. आणि हा खाली जाऊन परत त्याला आत ढकलत होता, ते पण प्रेमानं. एकदा मी जिन्यात उभी राहून ओरडले, इनास, तो देवापाशी आहे, बस कर! त्यानं खालून वर बघितलं आणि हळू विचारलं, तुझा पास्टर काय म्हणतो? आपल्या मुलानं विश्वास सोडला होता, तुमच्यात मधलं शुद्धिस्थान नाही, मग असा माणूस कुठं जातो? विचारून बघ त्याला.

मी आजपर्यंत विचारलेलं नाही. सगळं विचारलं, बायकांनी डोकं झाकावं की नाही तेसुद्धा विचारलं, पण हे नाही. कारण पास्टर चांगला माणूस आहे आणि तोही खोटं बोलत नाही.

आता वसईची गंमत ऐका, रडावं की हसावं तुम्हीच ठरवा. मी चर्च बदललं हे भावाला, बस्त्यावला कळलं. तो फोनवर एक शब्द बोलला नाही. पण मी परत यावं म्हणून गावात मिस्सा द्यावी असं त्यानं ठरवलं. गेला देवळाच्या ऑफिसात. तिथं चार ओळखीची माणसं उभी, त्यांच्यासमोर बहिणीनं धर्मग्राम, म्हणजे आपलं देऊळ सोडलं, ती तिकडच्यांत, प्रोटेस्टंटांत गेली, हे सांगायची लाज वाटली त्याला. म्हणून नुसतं म्हणाला, अमेरिकेतल्या बहिणीच्या आत्म्यासाठी द्यायची आहे. आत्म्यासाठी म्हटल्यावर त्या बिचाऱ्या ऑफिसातल्या माणसानं काय समजायचं? रविवारी भर देवळात वाचलं, अमेरिकेत मरण पावलेली आपल्या गावची लेक सिसिलिया, तिच्या आत्म्यास शांती लाभो.

बस्त्याव त्या दिवशी केळीला पाणी सोडून देवळात उशिरा गेला, त्यानं ते ऐकलंच नाही. संध्याकाळी घरी येतो तर अंगणात बाया बसलेल्या, शेजारणींनी पेजेचं पातेलं आणलेलं, आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, आणि माझ्या नावानं रोझरी चाललेली. रोझरी मधे तोडता येत नाही म्हणून हा दारात टोपी हातात घेऊन उभा. मला बहारीनहून मामेबहिणीचा फोन आला, माझ्याच नंबरवर, इनासचं सांत्वन करायला. मी हॅलो म्हटलं तर तिनं किंकाळी फोडून फोन ठेवला.

मी इतकी संतापले. म्हटलं, बघा, यांच्यासाठी मी मेलेच. खरंच सांगते, त्या गावात माझ्यासाठी जितकं मेल्यावर रडले तितकं जिवंतपणी कोणी विचारलं नव्हतं. आणि मग मला वाटलं, ठीक आहे, इनासला पटवायला हे बरं सापडलं. जेवताना म्हटलं, बघ, अख्खं गाव मला शुद्धिस्थानातून सोडवायला बसलं होतं, आणि मी इथं तुझ्यासमोर मासे खाते आहे. तुझं नेव्हिलसाठीचं तसंच. तो सुटलेला आहे आणि तू म्हणतोस, सोडव. इनासनं काटा बाजूला काढला, नीट बाजूला ठेवला आणि म्हणाला, त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना म्हटली त्यानं तुला काही त्रास झाला का?

मी उठून भांडी घासली. मशीन असताना हातानं घासली.

बस्त्याव अजून बोलत नाही माझ्याशी. आय गेली तेव्हा मी गेले होते, देवळात मागच्या बाकावर बसले, कम्युनियन, म्हणजे फादर देतात तो प्रसाद, घ्यायला उठले नाही, अख्खं देऊळ बघत होतं. तिच्या महिन्याच्या मिस्सेला मोठ्या मुलीनं पुढं बसायचं असतं, तिथं बस्त्यावनं आपल्या बायकोला बसवलं. मी विमानात खूप रडले. पण परत फिरावं असं वाटलं नाही. फिरले असते तर नेव्हिलला त्या चित्रात परत उभा करावा लागला असता, आणि ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. कोणी मला हट्टी म्हणो, धर्मबुडवी म्हणो. आईला दुसरं काय असतं?

आता इनासचं. रिटायर झाला आणि वर्ष-दोन वर्षांत विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग ड्रायव्हिंग बंद केलं त्याचं, लोरेन येऊन त्याच्याशी भांडून लायसन्स घेऊन गेली. बेसमेंटचा जिना धोक्याचा म्हणून मी दाराला वर कडी लावली आणि अल्तार परत वर आणला. हो, मीच आणला. मूर्ती पुसली, मांडली. त्याला खुर्चीत बसवून माळ हातात दिली. काही दिवस त्यानं म्हटली. मग मधेच थांबायला लागला, त्याच त्याच मण्यावर फिरत राहायचा. आणि या हिवाळ्यात एक दिवस माळ टेबलावर ठेवली ती ठेवलीच. नेव्हिलच्या फोटोकडे बघून मला म्हणतो, पोरगा छान आहे, कोणाचा?

झालं. मला जे हवं होतं ते झालं. आता घरात संध्याकाळी कोणी नेव्हिलला शुद्धिस्थानात ठेवत नाही. फॅन लावायची गरज नाही. आणि तुम्हाला खरं सांगते, ती शांतता मला सोसत नाही. इतकी वर्षं मी त्या आवाजाचा राग केला आणि या अख्ख्या घरात माझ्या मुलाचं नाव मोठ्यानं घेणारं तेवढंच एक तोंड होतं, हे मला कळलं नाही. मी तर नाव घेतच नव्हते. आमच्या नव्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मागायचं काही नसतं, मग नाव कधी घ्यायचं? लोरेन घेत नाही, तिला रडू येतं. रत्नमालाताई गेली. चर्चमधली नवी माणसं मला सिसिलिया आंटी म्हणतात, मला मुलगा होता हे त्यांना माहीतही नसेल.

परवा, तुम्ही फोन केला होतात ना येऊ का म्हणून, त्याच्या आदल्या दिवशी. इनासला भरवायला बसले होते, बाहेर अंधारून आलेलं, बर्फ पडत होता. तो तोंड उघडेना. लहान मुलासारखा तोंड मिटून बसला होता. आणि मी, पास्टरना कळलं तर काय म्हणतील देव जाणे, मी एकदम मोठ्यानं म्हटलं, प्रभो, नेव्हिलला चिरशांती दे.

काही मनात ठरवून नाही म्हटलं. आणि इनासनं लगेच, माझ्याकडे न बघता, अगदी स्वच्छ आवाजात उत्तर दिलं, तुझा अखंड प्रकाश त्याच्यावर पडो. बायकोचं नाव विसरला, पण हे विसरला नाही. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तो माझ्याकडे वळला आणि काळजीनं विचारतो, नेव्हिल कोण? आजारी आहे का?

मी म्हटलं, नाही रे, आपला मुलगा आहे तो. बरा आहे.

नक्की ना, म्हणाला.

नक्की, म्हटलं. मग त्यानं तोंड उघडलं.